‘एच’ कोण ते नंतर बघू, आधी त्याचा मोबाइल काढून घ्या

वाचकांचे प्रश्न, निवृत्त रायटरची उत्तरं

गेल्या अंकात बोलता बोलता मी ‘लाइन ऑफ ड्यूटी’चं नाव घेतलं आणि या महिन्यात दुसऱ्या विषयाचं पत्रच नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ही बीबीसीची मालिका, २०१२ ते २०२१ या काळात सहा सीझन झाले. भ्रष्ट पोलिसांना धरणारं पोलिसांचंच एक पथक, नाव ‘एसी-१२’. पथकाचे प्रमुख अधीक्षक टेड हेस्टिंग्ज, हाताखाली स्टीव्ह अर्नॉट आणि केट फ्लेमिंग. बहुतेकांनी तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग धरलाय, जो तिकडे २८ एप्रिल २०१६ला लागला. पथकात बसलेला डॉट कॉटन हाच गुंडांचा माणूस, हे बघणाऱ्याला कधीचं माहीत असतं. पथकाला त्या दिवशी कळतं. तोवर त्यानं सगळं बालंट स्टीव्हवर ढकलत आणलेलं असतं.

ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी पान उलटावं, मी काही झाकून ठेवणार नाही. आणि नवीन वाचकांना सांगतो, रायटर म्हणजे लेखक नव्हे. तपास साहेबांचा, लिहिणारा हात आमचा. पंचनामे, जबाब, दोषारोपपत्रं लिहिण्यात माझी नोकरी परभणी-हिंगोलीकडच्या ठाण्यांत गेली. मधे काही काळ लाचलुचपत खात्यातही होतो.

प्रश्न: सर, आम्ही चौघं लातूरला पीएसआयची तयारी करतो. लायब्ररीतून आल्यावर हा भाग बघितला अन् रूमवर भांडण लागलं. चौकशी चालू असताना कॉटन टेबलाखाली मोबाइल धरून ‘तातडीनं बाहेर काढा’ असा निरोप पाठवतो. एवढं हुशार पथक, अन् मोबाइल त्याच्यापाशीच? आपल्याकडं असं होईल का?

उत्तर: बाळांनो, माझी बायको त्या जागी टीव्हीकडं बोट करून म्हणाली, “अहो, त्याचं डबडं काढून घ्या की आधी!” तिला जे कळलं ते केट फ्लेमिंगला कळू नये, हे मलाही खटकलं.

पण जरा थांबा. अटक झाली की अंगझडती होते. पाकीट, मोबाइल, कमरेचा पट्टा, खिशातली चिल्लरसुद्धा कागदावर चढते आणि खाली त्याची सही घेतली जाते. नोटीस देऊन बोलावलेल्याचं तसं नसतं. तो आपल्या पायानं येतो, मोबाइल त्याच्या खिशात असतो आणि मधेच ‘घरून फोन आलाय’ म्हणून उठतोही. त्यात हा तर खात्यातलाच, कालपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसणारा. सोबतच्या माणसाच्या खिशात हात घालायला जीव होत नाही. ही भीड मी खऱ्या ठाण्यात बघितलीय, म्हणून त्या प्रसंगाला मी पास करतो. खोलीतल्या गोळीबाराला आणि रस्त्यावरच्या पळापळीला मात्र करणार नाही. लेखकाला तिथं घाई झाली होती.

प्रश्न: दादा, मी गंगाखेडची. चार माणसं काचेच्या खोलीत बसून नुसती बोलायलीत, तरी माझी भाकरी तव्यावर करपली. एवढा ताण कशाचा? अन् आपल्या सिनेमातल्यासारखं एक थोबाडीत का ठेवून देत नाहीत?

उत्तर: ताई, ताण त्या यंत्राचा आहे. सुरुवातीला ते लांबलचक ‘पीऽऽ’ वाजतं आठवतं का? त्यानंतर बोललेला प्रत्येक शब्द पुराव्यात जातो. तिकडे पोलिसांसाठी १९८४ला कायदा झाला, त्याच्या नियमांनी चौकशीचं रेकॉर्डिंग करावं लागतं. जोरजबरदस्ती किंवा फसवणूक नसेल, तर पोलिसासमोर दिलेली कबुली तिथल्या कोर्टात चालते. म्हणून सगळे शब्द तोलून बोलतात. ‘माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्याचाच अधिकारी मला प्रश्न विचारील’ असा हट्ट धरतात, तोही त्यासाठीच. थोबाडीत मारली तर ती मशीनवर ऐकू येईल आणि केस तिथंच मेली.

आपल्याकडं ही खोलीच बिनकामाची. पोलिसापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३. गंमत बघा, इथला पोलीस मारून कबुली घेतो म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका, हा नियम आपल्याला इंग्रजांनीच घालून दिला.

एक फट तेवढी आहे. आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरतात. मग काय, ‘चला, दाखवतो’ म्हणाला की आधी दोन पंच, मग निवेदन पंचनामा, मग जीप. चिखलात फसलेली जीप ढकलत आम्ही विहिरीपाशी पोचायचो. गळ टाकून कोयता वर काढणारा पोहणारा गडी, काठावर जमलेलं अर्धं गाव, आणि मी बांधावर मांडीवर पॅड ठेवून ‘सदर इसमाने स्वखुशीने’ लिहितोय. कोयता वर आला नाही तर स्वखुशीचा तो अख्खा कागद वाया. आपल्या तपासातला ताण असा शिवारात असतो. आपल्या मालिकावाल्यांना तो दिसत नाही, म्हणून ते थोबाडीवर भागवतात.

प्रश्न: मी अंबाजोगाईला राहते, एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. केटवर चाललेली गोळी कॉटन स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरता मरता जबाब देतो. त्याला धड बोलता येत नाही. त्याच्या खुणेवरून वरच्या भ्रष्ट अधिकाऱ्याचं ‘एच’ हे अक्षर हाती लागतं. खुणेनं दिलेला मृत्युपूर्व जबाब आपल्याकडे चालेल का?

उत्तर: पोरी, या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा.

खूण चालते, आणि ती चालते हे फार जुनं आहे. १८८५चा ‘क्वीन एम्प्रेस विरुद्ध अब्दुल्ला’ हा अलाहाबाद हायकोर्टाचा निकाल ग्रंथालयातून काढून वाच. दुलारी नावाच्या बाईचा गळा कापला होता, शुद्ध होती पण आवाज नव्हता. एकेक नाव घेऊन विचारलं, तिनं हाताच्या खुणेनं हो-नाही सांगितलं. ते तोंडी सांगितल्यासारखंच धरायचं, असं पूर्णपीठानं ठरवलं. तिचे हातवारे आणि कॉटनची खूण यांत फरक नाही.

तरी कॉटनचा जबाब आपल्याकडं पडेल. कारण वेगळं आहे, आणि परीक्षेत विचारतील म्हणून नीट बघ. मृत्युपूर्व जबाब हा मरणाऱ्याच्या स्वतःच्या मरणाचं कारण किंवा त्या घटनेची परिस्थिती सांगणारा लागतो. आधीचं कलम ३२(१), आताचं २६. कॉटन ‘मला कुणी मारलं’ हे सांगत नाही, ‘खात्यात वरती कोण बसलंय’ हे सांगतो. तपासाला दिशा म्हणून सोनं आहे, मृत्युपूर्व जबाब म्हणून चालायचं नाही. पुढं पाचव्या सीझनमध्ये कळतं की मरताना तो बोटानं मोर्सचे, म्हणजे तारेच्या ठिपके-रेघांच्या लिपीचे, चार ठिपके वाजवत होता. मोर्समध्ये चार ठिपके म्हणजे ‘एच’, आणि स्टीव्हनं त्याचा अर्थ लावला की वरचे लोक चार. आमच्या भागातला एखादा मुरलेला बचावाचा वकील त्या ठिपक्यांची काय अवस्था करील, याची कल्पनाच करवत नाही. “मरणाऱ्याचं बोट थरथरत होतं की वाजत होतं, सांगा?” एवढ्या एका प्रश्नावर सगळा सीझन आडवा.

आता मी लिहिलेल्या एका जबाबाचं सांगतो. जळीत वॉर्डात नायब तहसीलदार विचारायचे आणि मी लिहायचो. बाई चोवीस-पंचवीसची असेल. डॉक्टरांनी कागदाच्या वरच्या बाजूला ‘रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे’ असं लिहून वेळ टाकली, संपल्यावर खाली पुन्हा वेळ टाकली. कोर्ट असा शेरा बघतं, पण तो नसला म्हणून जबाब बाद होत नाही. २००२मध्ये ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं तसं सांगितलंय. ती सासूचं नाव घ्यायची, थांबायची, पाणी मागायची. सहीची वेळ आली तर दोन्ही हातांना पट्ट्या. मग पायाच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला आणि शेजारी मी ‘उजव्या पायाचा अंगठा’ असं लिहिलं. शाई पुसायला तिची आई पदर घेऊन पुढं झाली.

असे जबाब लिहिलेल्या माणसाला कॉटनचं मरण जरा नाटकी वाटतं. केटचा चेहरा मात्र नाही. समोरचा जाईल त्याआधी एक शब्द मिळावा म्हणून ती ज्या घाईनं विचारते, ती घाई खरी आहे.

प्रश्न: मी उदगीरला शिक्षक आहे. आपल्याकडे लाचेचा सापळा नेमका कसा लावतात? मालिकेत तसं काही दिसत नाही. एकदा मला पंच म्हणून बोलावलं होतं, मी आजारपणाचं कारण सांगून टाळलं.

उत्तर: गुरुजी, तुमच्यासारखे आजारी फार भेटले. सरकारी नोकरालाच पंच घेतात, कारण तो सहसा फिरत नाही.

तक्रार आली की पहिल्यांदा पडताळणी. तक्रारदारापाशी रेकॉर्डर देऊन पाठवतात आणि साहेब पैसे मागतात की नाही ते पंचासमक्ष तपासतात. मागणी निघाली तरच पुढं जायचं. मग नोटांचे नंबर लिहून घेऊन त्यांना पावडर लावतात. महाराष्ट्रात अँथ्रासिन पावडरची चाल जुनी आहे. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर चमकते. दुसरी फिनॉल्फ्थॅलिन, ती लागलेले हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. ज्यानं नोटांना पावडर लावली तो छाप्याला येत नाही, नाहीतर पावडर त्याच्याच हातची असं वकील म्हणतो. ‘मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत’ हे तक्रारदाराला पुन्हा पुन्हा बजावतात. इशारा ठरलेला असतो, डोक्यावरून हात फिरव किंवा रुमालानं तोंड पूस. एक पंच त्याच्या सोबत आत, बाकीचे चहाच्या टपरीवर नको तितका चहा पीत बसलेले.

इशारा आला की आत घुसायचं आणि आधी साहेबांची दोन्ही मनगटं धरायची. मग खोलीत अंधार करायचा. खिडक्या लावायच्या, पडदा नसेल तर कुणाची तरी शाल आडवी धरायची. आमच्याकडं बऱ्याचदा लोडशेडिंगनं ते काम फुकट केलं, दिवा बॅटरीवरचा असला म्हणजे झालं. एकदा अंधारात दिवा लागला आणि उजव्या हाताची चार बोटं, खिशाची कड आणि कपाळ निळं चमकलं. घाम पुसायला हात कपाळावर गेला होता. तो माणूस आपल्या बोटांकडं असा बघत होता की ती दुसऱ्या कुणाची आहेत. मी पंचनाम्यात ‘कपाळाच्या मध्यभागी निळसर चमक दिसून आली’ एवढंच लिहिलं.

पण नुसत्या चमकेनं शिक्षा होत नाही. ‘पैसे त्यानं बळंच खिशात कोंबले’ हा बचाव ठरलेला. मागणी सिद्ध झालीच पाहिजे. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, हे २०२२च्या ‘नीरज दत्ता’ निकालात घटनापीठानं स्पष्ट केलं. म्हणजे सोबत गेलेल्या पंचाची किंमत केवढी, बघा. पुढच्या वेळी बोलावलं तर जा.

प्रश्न: नाव छापू नका, खात्यात आहे. आपल्याकडे एसी-१२ आहे का?

उत्तर: हुबेहूब तसं नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७पासून आहे, पण तो फक्त पोलिसांना नाही, तलाठ्यापासून सगळ्यांनाच धरतो. मराठवाड्यात त्याची परिक्षेत्रं दोन, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड. टोल फ्री नंबर १०६४. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा, असं सुप्रीम कोर्टानं २००६ला प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं. आपल्या राज्याच्या कायद्यात ते २०१४ला आलं. आणि विभागीय चौकशी आहेच. ती कशी चालते ते तुला मी काय सांगू.

प्रश्न: ‘एच’ शेवटी तो ढेपाळलेला पोलीस अधिकारी बकल्स निघाला! सहा सीझन याच्यासाठी जागलो का? — एक चिडलेला प्रेक्षक, सेलू

उत्तर: तुमच्यासोबत ब्रिटनही चिडलं. २ मे २०२१च्या त्या भागाला १ कोटी २८ लाख प्रेक्षक होते आणि त्यातल्या पुष्कळांनी तुमच्यासारखाच शंख केला. मला विचाराल तर तो शेवट सगळ्यात खरा. सगळे मोठ्या राक्षसाची वाट बघत होते आणि निघाला कोण, तर बदल्या आणि बढत्या सांभाळत, वरच्यांना हो-हो करत मोठा झालेला फायलीतला माणूस. सापडला कशानं? इंग्रजी ‘डेफिनेटली’ लिहिताना तो एक अक्षर कायम चुकायचा. रायटरला हे पटतं. सही झाकून नुसता जबाब पुढं ठेवला तरी कुठल्या साहेबांनी सांगून लिहून घेतलाय ते मी ओळखायचो. एकजण तर पावसालाही ‘सदर पाऊस’ म्हणायचे.

प्रश्न: कुठून सुरू करावी? घरात लहान मुलं आहेत. — धाराशिवहून एक आई

उत्तर: मुलं झोपल्यावर, आणि पहिल्यापासून. पहिल्यात पाचच भाग आहेत. तिसऱ्यापासून सुरू करू नका. दुसऱ्यातली पोलीस अधिकारी लिंडसे डेंटन आधी भेटली नाही, तर तिसऱ्यात ती मरायच्या आधी पुराव्याची यादी ईमेलनं पाठवून देते त्याचं तुम्हाला काहीच वाटणार नाही. सबटायटल लावा, हेस्टिंग्जचं इंग्रजी आयर्लंडकडचं आहे, मला अजून निम्मं कळत नाही.