बेल्जियन ट्रिपेलचे किट १.०२२ वर येऊन थांबले आहे. आता बाटल्या भरू का?

आत्ता भरू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमची बिअर अजून पुरी झालेली दिसत नाही, आणि अर्धवट आंबलेल्या बिअरमध्ये वरून साखर घालून ती काचेत बंद करणे हे या छंदातले सर्वांत धोक्याचे काम आहे.

तुमचा प्रश्न मला असा समजला आहे. तुम्ही इंग्लंडमध्ये राहता. दीड किलो माल्ट अर्काचा (मोड आलेल्या बार्लीच्या घट्ट पाकाचा) डबा आणि अर्धा किलो साखर घेऊन तुम्ही ९ लिटर ट्रिपेल, म्हणजे बेल्जियन पद्धतीची फिकी पण जोरदार बिअर, लावली. सुरुवातीची घनता १.०७२ होती (पाण्याची १.०००; साखर आंबत जाते तसा हा आकडा उतरतो), आज अकराव्या दिवशी ती १.०२२ आहे आणि एअरलॉकमधले, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले, बुडबुडे थांबले आहेत. डब्यासोबतच्या कागदावर सात ते दहा दिवसांत बाटलीत भरा असे छापलेले आहे. चव गोडसर असून घशाला थोडी जळजळ जाणवते. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत असेच एक किट पुण्याला नेऊन भावाला करून दाखवावे असाही तुमचा विचार आहे.

आधी हिशेब पाहू. दोन घनतांतील फरकाला १३१ ने गुणले की मद्याचे प्रमाण अंदाजे कळते. १.०७२ वरून १.०२२ म्हणजे आज तुमची बिअर साडेसहा टक्क्यांवर आहे. ट्रिपेल साधारण १.०१२ च्या आसपास उतरायला हवी, म्हणजे ती आठ टक्क्यांच्या जवळ जाते. मधले हे दहा अंश (घनतेतला ०.००१ म्हणजे एक अंश) वरवर पाहता किरकोळ वाटतात. परंतु बाटलीत फेस यावा म्हणून आपण लिटरमागे जी सात-आठ ग्रॅम साखर घालतो, तिने घनता फक्त तीन अंशांनी वाढते. म्हणजे तुमच्या बादलीत आज कदाचित त्या साखरेच्या तिप्पट खाद्य शिल्लक आहे, आणि त्यावर तुम्ही आणखी एक वाटा घालणार आहात. यीस्ट आज झोपलेले असले तरी मार्च-एप्रिलमध्ये घर उबदार झाले की ते जागे होते, आणि मग बाटलीला तो दाब सोसत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी दुसरीच खेप मी बाराव्या दिवशी, बुडबुडे थांबले एवढ्याच पुराव्यावर, बाटल्यांत भरली होती. जिन्याखालच्या कपाटात अठरा बाटल्या ठेवल्या होत्या. पाचव्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास स्फोटासारखा आवाज झाला. दार उघडले तेव्हा एका बाटलीचा फक्त तळ जागेवर उभा होता, मानेचा तुकडा वरच्या लाकडी पायरीत रुतला होता आणि मुलीच्या शाळेच्या कोटाच्या बाहीत काचेची बोटभर सळई अडकली होती. सकाळी तो कोट तिने अंगात घातला असता. उरलेल्या बाटल्या मी जाड हातमोजे घालून, डोळ्यांवर चष्मा लावून, ब्लँकेटमध्ये गुंडाळून बागेत नेल्या आणि एकेक करून उघडल्या. तेव्हापासून एअरलॉकचे बुडबुडे हा पुरावा मी मानत नाही. झाकण किंचित सैल असले तरी बुडबुडे थांबतात आणि हवेचा दाब बदलला तरी ते पुन्हा सुरू होतात. खरे काय ते हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती काचनळी, सांगते, आणि तेही दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली तीन मापे एकसारखी आली तरच.

म्हणून आधी तुमचे माप खरे आहे की नाही ते तपासा. हायड्रोमीटर २० अंश सेल्सियसच्या साध्या पाण्यात सोडा, तिथे १.००० दिसायला हवे. बिअरचा नमुना थेट बादलीतून घेतला तर त्यातले वायूचे बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून ते वर उचलतात आणि घनता आहे त्याहून जास्त दिसते. तेव्हा चहा गार करण्यासाठी दोन भांड्यांत वरखाली करतात तसा नमुना आठ-दहा वेळा करून वायू काढून टाका आणि मग मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून साखर मोजणारे उपकरण) वापरत असाल तर मद्य तयार झाल्यानंतर त्याचा आकडा थेट ग्राह्य धरता येत नाही. सुरुवातीचा १.०७२ हा आकडाही थोडा सावधपणे घ्यावा, कारण किटमध्ये गरम अर्कावर गार पाणी ओततात तेव्हा जड पाक तळाशी बसतो आणि नीट ढवळले नसेल तर वरच्या नमुन्यात भलताच आकडा येतो.

माप खरे निघाले तर पुढचा प्रश्न असा की यीस्ट थकले आहे, की त्या अर्कात आंबण्यासारखे काही उरलेलेच नाही. याचा निर्णय अंदाजाने करू नका. एक सोपी चाचणी आहे. उकळत्या पाण्याने धुतलेल्या बरणीत २०० मिलिलिटर बिअर घ्या, तिच्यात ताज्या एल यीस्टचे (उबेत काम करणाऱ्या बिअरच्या यीस्टचे) अर्धे पाकीट टाका, तोंडावर फॉइल सैल बसवा आणि बरणी बॉयलरजवळ, २५ अंशांच्या आसपास ठेवा. दिवसातून दोनदा हलवा. तीन-चार दिवसांनी वायू काढून घनता मोजा आणि तो नमुना फेकून द्या. बादलीत परत ओतू नका. बरणीत १.०१२ आले तर तुमच्या बिअरला अजून तेवढे उतरायचे आहे. बरणीतही १.०२० च आले तर अर्काचीच मर्यादा लागली आहे, आणि मग गोडसर असली तरी ती बिअर पुरी झाली असे समजून बाटलीत भरता येईल. माझ्या चौथ्या खेपेत बादली १.०२१ वर अडली होती आणि बरणी १.०१२ वर गेली. त्या एका आकड्यामुळे मला पुढचे तीन आठवडे निवांतपणे थांबता आले.

तुमच्याकडेही तसेच असेल असे मला वाटते, कारण तुम्ही जानेवारीत बिअर लावली आहे आणि रात्री हीटिंग बंद होते असे लिहिले आहे. दिवसा २० अंश असलेली बादली पहाटे १५-१६ वर जात असेल तर बेल्जियन यीस्ट काम सोडून तळाशी बसते. आपल्याकडे थंडीत विरजण जसे लागत नाही, तसाच हा प्रकार आहे, आणि विरजणाच्या बाबतीत आपण जे करतो तेच इथेही करायचे, म्हणजे ऊब द्यायची. मोठ्या टबात पाणी भरून त्यात मत्स्यालयाचा हीटर ठेवा, बादली त्या पाण्यात उभी करा आणि बिअरचे तापमान हळूहळू २३ अंशांवर आणा. झाकण न उघडता बादली हलकेच गोल फिरवा, म्हणजे तळाचे यीस्ट वर येईल. मात्र बिअर खळबळू देऊ नका, कारण या टप्प्यावर हवा मिसळली की काही आठवड्यांनी तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. असे सात ते दहा दिवस ठेवा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते.

घनता तरीही ढळली नाही तर नवे यीस्ट घालावे लागेल, परंतु कोरडे पाकीट वरून भुरभुरू नका. साडेसहा टक्के मद्यात आणि खाद्य जवळजवळ संपलेल्या द्रवात कोरडे यीस्ट पडले की त्यातले बरेचसे तिथेच मरते. अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम सुके माल्ट उकळा, २५ अंशांपर्यंत गार करा, त्यात बेल्जियन प्रकारचे यीस्ट घाला आणि त्याला भरपूर फेस आला की तसेच जोमात असताना बादलीत ओता. शँपेनचे यीस्ट घाला असा सल्ला अनेक जण देतात; तो मला पटत नाही. अडलेल्या बिअरमध्ये जी शर्करा उरते तिच्यात माल्टोट्रायोज या माल्टमधल्या पचायला जड शर्करेचा वाटा मोठा असतो, आणि वाइनच्या बहुतेक यीस्टना ती पचवता येत नाही.

आता त्या छापील कागदाविषयी. सात ते दहा दिवस हा आकडा चार टक्क्यांच्या साध्या बिअरला कदाचित चालेल, आठ टक्क्यांच्या बिअरला चालत नाही. ड्युव्हेलचेच पाहा. ही साडेआठ टक्क्यांची बिअर बेल्जियममधल्या ब्रेनडाँकच्या ब्रुअरीत होते. बाटलीत भरल्यानंतर ती दोन आठवडे २४ अंशांच्या उबदार कोठारात आणि त्यानंतर सहा आठवडे थंड कोठारात ठेवतात. सगळी प्रक्रिया मिळून सुमारे ९० दिवस लागतात. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे यीस्ट आणि अंशा-अंशावर ताबा असलेल्या टाक्या आहेत ते तीन महिने थांबतात, तर आपण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या बादलीकडून दहा दिवसांत तीच अपेक्षा कशी करणार? लोणचे घातल्याच्या आठवड्यात कोणी बरणी संपवायला घेत नाही. ही बिअरदेखील मुरावी लागते.

घशातल्या जळजळीचे कारणही अंशतः हेच आहे. ताज्या ट्रिपेलमध्ये मद्य वेगळे जाणवते आणि दोन-तीन महिन्यांत ते बिअरमध्ये मिसळून जाते. मात्र वास नेलपॉलिशसारखा असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत तापमान फार चढले होते असे समजावे, आणि तो दोष मुरल्याने पूर्णपणे जात नाही. लवंगेचा आणि पिकलेल्या केळ्याचा वास येत असेल तर तो दोष नाही. या यीस्टचा तो स्वभावच आहे, आणि त्यासाठीच आपण ही बिअर करतो.

पुढच्या वेळी काय बदलावे, हे तुम्ही विचारलेले नसले तरी सांगतो. डब्याच्या झाकणाखाली पाच-सहा ग्रॅमचे यीस्ट असते आणि दुकानाच्या फळीवर त्याने किती महिने काढले हे आपल्याला ठाऊक नसते. त्याऐवजी ११ ग्रॅमचे ताजे पाकीट पूर्ण ९ लिटरला वापरा आणि यीस्ट घालण्यापूर्वी द्रव पाच मिनिटे जोरात घुसळा, कारण तेवढ्या एकाच क्षणी यीस्टला हवा हवी असते. पहिले तीन दिवस १८ ते २० अंश, नंतर हळूहळू २३.

साखरेला मात्र भिऊ नका. इंग्लिश बिअर करणारे साखर म्हणजे भेसळ असे मानतात, परंतु बेल्जियममध्ये साखर ही पाककृतीचाच भाग आहे. १९१९ च्या कायद्याने तिथल्या कॅफेंमध्ये कडक दारू विकण्यावर बंदी आली, तेव्हा जोरदार बिअरला मागणी वाढली, असे कारण सांगितले जाते. वेस्टमालच्या मठातली ट्रिपेल १९३४ पासूनची आहे. साडेनऊ टक्के मद्य असूनही ती जड लागत नाही, कारण साखर पूर्ण आंबते आणि अंग हलके ठेवते. मठासमोरच्या कॅफेत मी ती पहिल्यांदा घेतली तेव्हा एवढी जोरदार बिअर इतकी कोरडी असू शकते यावर माझा विश्वास बसत नव्हता. तुमच्या किटमध्ये मात्र साखरेचा वाटा जवळजवळ तीस टक्के होतो आणि तो मला जास्त वाटतो. निम्म्या साखरेऐवजी तेवढेच फिक्या रंगाचे सुके माल्ट घाला, आणि उरलेली साखर पाक करून तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाला, म्हणजे यीस्ट आधी माल्टकडे लक्ष देईल. दुकानात पांढरी ‘कँडी शुगर’ महाग मिळते, ती घेऊ नका. ती म्हणजे आपली खडीसाखर. यीस्टला तिच्यात आणि साध्या साखरेत काही फरक कळत नाही. गडद रंगाचा कँडी पाक वेगळा, तो चवीसाठी डुबेल या गडद बेल्जियन बिअरमध्ये घालतात.

घनता स्थिर झाली की लिटरमागे साडेसात ग्रॅम साखर घ्या. गाळ सोडून तुमच्याकडे आठ लिटर उरतील, म्हणजे एकूण ६० ग्रॅम. ही साखर थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये सारखी मिसळा. प्रत्येक बाटलीत चमच्याने घालू नका. बाटल्या जाड काचेच्या घ्या. बेल्जियन बिअरच्या ३३ सेंटिलिटरच्या जड बाटल्या धुऊन वापरणे सर्वांत चांगले. पातळ काचेच्या, एकदाच वापरायच्या बाटल्यांना या बिअरचा दाब झेपत नाही. तीन आठवडे २० अंशांच्या वर, नंतर दोन महिने थंड जागी. अशी एक बाटली म्हणजे तिकडच्या हिशेबाने अडीच युनिटहून (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्य) जास्त होते, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, कारण चवीवरून ते कळत नाही.

राहिला पुण्याचा प्रश्न. किट नेऊ नका. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बिअर घरी करण्यासाठी १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते नऊ लिटर असो वा एक. हौसेपायी भावाला त्यात अडकवू नका. त्यांनाच तिकडे बोलवा. आज अडलेली ही खेप महिन्याभरात नीट बाटलीत गेली तर उन्हाळ्यापर्यंत ती पुरेशी मुरलेली असेल.