लहान आतड्यात क्षार-पाणी किती सुटावं, हे मेंदू ठरवतो का?

थेट नाही. आतड्याच्या भिंतीत स्वतःचंच मज्जातंतूंचं जाळं असतं. अस्तराखालच्या जाळ्यातल्या चेतापेशी अ‍ॅसिटिलकोलिन आणि व्हीआयपी (व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टाइनल पेप्टाइड) हे रासायनिक निरोप्ये सोडतात. त्यामुळे अस्तराच्या पेशींतून क्लोराइड पोकळीत येतं, मागोमाग सोडियम आणि पाणी. मेंदूचा हात मुख्यतः ब्रेकवर: ताणाच्या वेळी जाग्या होणाऱ्या सिम्पथेटिक नसांमधून सुटणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन या चेतापेशींना गप्प करतं.

पुण्यात पावसाळ्यात पाणीपुरी बाधली की आपण पाणीपुरीवाल्याला शिव्या घालतो (बहुधा रास्तच!), पण जंतू याच यंत्रणेचा गैरफायदा घेतात. कॉलऱ्याचं विष पेशींमधून क्लोराइड थेट सोडवतंच, वर सेरोटोनिन हा आणखी एक निरोप्या मोकळा करून नसांनाही चिथावतं. तरी ओआरएस चालतं, कारण ग्लुकोजबरोबर सोडियम शोषणारी वाट शाबूत राहते.