आधी पुस्तक उघडा, मग सिनेमा निवडा

तू ग्वाल्हेरच्या चिटणीस की गोठमधली, मी तिथल्याच जनकगंजातली, तेव्हा अगं-तुगंच करते. पत्रात तू चार काळज्या लिहिल्या आहेस. मी मात्र एकीवरच सविस्तर बोलणार आहे, कारण ती मला महत्त्वाची वाटते.

तू लिहितेस, “इथल्या मराठी मंडळात दिवाळीला एकच सिनेमा दाखवायचा आहे. ‘श्यामची आई’ ठरला, पण जुना की नवा यावरून घरात रोज वाद. बाबा म्हणतात, अत्र्यांच्या सिनेमाला हात लावणं म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती बदलणं. लेक म्हणते, जुन्याचा आवाज खरखरतो, बघवत नाही. मी दोघांच्या कात्रीत.”

दोन पिढ्या एका छताखाली, त्यातून परका देश; दमत असशील, मला कळतं. पण त्याच पत्रात खाली तू लिहिलंयस, “आईने निघताना दिलेलं ‘श्यामची आई’ पुस्तक कपाटात तसंच आहे.” अगं, मग इतके दिवस भांडताय कशावर? घरात मूळ गोष्ट असताना ती कोणी उघडली नाही, याचा मला राग आला.

बाबांना, म्हणजे तुझ्या सासऱ्यांना, शांतपणे सांग. गोष्ट साने गुरुजींची, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. पुस्तक १९३५ मध्ये आलं. अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, आणि गुरुजी तर १९५० मध्येच गेले. अत्र्यांनी ती आपल्या पिढीला सांगितली आणि इतकी जीव ओतून सांगितली की राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळालं. सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी ती पुन्हा सांगितली. त्यात मूर्ती कोणी हलवली? ज्या सिनेमामागे असं पुस्तक उभं आहे, तो दर पिढीने नव्याने काढायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

बाबांचा जीव जुन्या सिनेमात आई झालेल्या वनमालाबाईंत अडकलाय, हेही मी समजू शकते. त्या आपल्या ग्वाल्हेरच्या. वडील संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. अशा घरची मुलगी सिनेमात गेली, हे माझ्या आजीला मुळीच रुचलं नव्हतं. ‘श्यामची आई’ पाहून आली तेव्हा मात्र पदर डोळ्यांना लावूनच टांग्यातून उतरली आणि पुढे वनमालाबाईंबद्दल घरात कोणाला वावगं बोलू दिलं नाही. बाबांना हे वाचून दाखव. नवा सिनेमा आला म्हणून वनमालाबाई पुसल्या जात नाहीत.

लेकीचंही ऐकू नकोस सगळं. आवाज खरखरतो, चित्रावर रेघा येतात, हे जुनी प्रत साफ करायचं कारण झालं, सिनेमा पुन्हा काढायचं नाही. शिवाय नवा चित्रपटही कृष्णधवलच आहे, दिग्दर्शकाने मुद्दाम तसा केलेला. पुन्हा काढायला काहीतरी बदललेलं लागतं. फाळक्यांचा हरिश्चंद्र १९१३ चा, मुका. बोलपट आल्यावर प्रभातने १९३२ मध्ये त्याच राजाला बोलतं केलं. मेहबूब खान यांनी १९४० चा आपलाच ‘औरत’ १९५७ मध्ये ‘मदर इंडिया’ म्हणून काढला. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, रंग आला होता. याला म्हणतात कारण. उलट, २०१६ चा ‘सैराट’ दोनच वर्षांत हिंदीत आला तो कशासाठी? जातीचा जो काच होता तोच त्यात बोथट झाला. तुमच्याकडच्या, परदेशातल्या मुलांनी नेमका तो हिंदीच पाहिलेला असतो. आणि काही ठिकाणी नक्कल करूच नये. तुकोबांवर नवा चित्रपट जरूर काढावा, २०१२ मध्ये निघालाही. पण १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस दुसऱ्या कोणाकडून गिरवून घ्यायचे नाहीत.

माझी नात टोरांटोला असते. मागच्या सुट्टीत तिला जुना सिनेमा दाखवला. ‘छडी लागे छम छम’ सुरू झालं आणि तिने माझ्या हातातला रिमोट घेऊन सिनेमा थांबवला. “आजी, टीचर मारतात आणि मुलं गातात?” सून म्हणाली, हे भाग काढून कोणीतरी नवीन बनवायला हवं. मी म्हटलं, मुळीच नको. त्या रात्री पुस्तक काढलं आणि पोहण्याची रात्र वाचली; त्यातल्या प्रकरणांना रात्रीच म्हटलंय. पोहायला जायच्या भीतीने श्याम माळ्यावर लपतो, आई शिंपटीने झोडपते, आणि नंतर त्याच वळांकडे बघून तिचेच डोळे भरतात. नातीने “मला तरी मारणं चुकीचंच वाटतं” असं सांगितलं, आणि मी ते मान्य केलं. पण “पुढची रात्र उद्या वाच” असंही तीच म्हणाली.

तर तू असं कर. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. दिवाळीपर्यंत जमतील तेवढ्या वाचा, रोज एक, जेवणं झाल्यावर, सासऱ्यांच्या आवाजात. लेकीला सगळे शब्द कळणार नाहीत, ते त्यांनी समजावायचे. मंडळात जुनाच दाखवा, कारण त्याला शेजारी सांगणारं माणूस लागतं आणि ते सभागृहात भरपूर असतात. नवा घरी बघा, सुट्टीच्या दिवशी, लेकीने निवडलेल्या वेळेला, आणि बाबांनी मध्ये उठायचं नाही.

आता बाकीचं. लेकीच्या मराठीत हिंदी येतं म्हणून रडू नकोस, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आपण सगळे असंच बोलत मोठे झालो. नवरा उशिरा येतो, तर वाचन त्याच्यासाठी थांबवू नका. बाबांच्या आजारपणाच्या विम्याचे कागद मात्र तू स्वतः वाच, जुनी दुखणी त्यात धरली आहेत की नाहीत ते लेखी विचारून घे.