स्वतःचं सगळं ठरवून झाल्यावर देवाला विचारायचं म्हणजे नक्की काय करायचं?

तुमचा प्रश्न असा, की नोकरी सोडून गावाला हॉटेल टाकायचं पक्कं केलंय, कर्जाचंही बोलून झालंय, पण आता वाटतंय आधी देवाला विचारायला हवं होतं. ते विचारायचं कसं, आणि उत्तर आलं हे ओळखायचं कसं?

मी मालवण तालुक्यातला, सध्या डोंबिवलीत. आमच्याकडे देवाला विचारायची रीतच आहे, कौल लावायची. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या नाहीतर तांदूळ चिकटवतो, तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देवळागणिक थोडा फरक असतो. गोव्यात यालाच प्रसाद घेणं म्हणतात.

आमच्याकडे अख्खा गाव यावर चालतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल झाला की ठरते. मग मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांमागे धावतात. आचऱ्याला गावपळण असते. रामेश्वराचा हुकूम झाला की लोक गुरंढोरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट वेशीबाहेर जाऊन ३ दिवस ३ रात्री झोपड्यांत राहतात, आणि परतायचं तेही देवाचा कौल घेऊनच.

आता माझं. आजोबांचं भरड, म्हणजे माळावरची कोरडवाहू जमीन, विकून फ्लॅटसाठी पैसे उभे करायचे, असं मी ठरवलं होतं. गिऱ्हाईक बघितलं, भाव ठरला, बयाणाही घेतला. सातबाऱ्यावर चार नावं. बाकीच्या तिघांना हक्कसोडपत्राचे कागद कुरियरने पाठवायचे, असा बेत. तेवढ्यात आई म्हणाली, देवाला विचारून ये. म्हटलं, ठीक आहे, एक सुट्टी टाकतो.

गुरवाला मी म्हटलं, "जमीन विकायची आहे, उजवा कौल मिळू दे." म्हातारा हातातली कळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. "देवाक इचारूक इलंस की सांगूक?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण पुढे त्याने गाऱ्हाण्यात स्वतःचीच भर घातली: ह्या घरची चारही लेकरां एका इचाराची असतीत तर उजवो दी रे महाराजा. मागे बसलेले चारपाच जण "व्हय महाराजा!" म्हणाले. मी पण म्हणालो, दबक्या आवाजात. आपण तिघांशी अजून बोललोच नाही, हे मला तिथे बसल्यावर आठवलं.

पाऊण तास गेला. उजवीकडची एक कळी बोटभर घसरली आणि परत चिकटली. बाकी काही हललं नाही. गुरव म्हणाला, "आज देव बोलणा नाय. घरात इचारून ये."

कोल्हापूरच्या आत्याला मी दोन वर्षांत पहिल्यांदाच फोन केला. ती सहीला नाही म्हणाली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "अरे, पण मग बाळू घरी जाणार कुठून?" चुलतभावाच्या घरची पायवाट त्या भरडातूनच जाते. त्याच वाटेने मी लहानपणी शेकडो वेळा त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. व्यवहाराच्या कागदात ती वाट कुठेच नव्हती.

बयाणा परत केला. पुढच्या मे महिन्यात चौघेही देवळात गेलो आणि वेगळा प्रश्न घातला: वाट सोडून उरलेलं विकावं का? दहा मिनिटांत कळी पडली. डावी.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुमच्या गावात कौल असो वा नसो, आधी प्रश्न नीट मांडा, आणि तोही चार माणसांत मोठ्याने. "माझं हॉटेल चालू दे" हा प्रश्न नाही, ती मागणी आहे. "नोकरी सोडू का" हा प्रश्न. तो मांडताना कुणाचं नाव गाळावंसं वाटतंय तेवढं बघा, बायकोचं, वडिलांचं, जामीन राहणाऱ्या मेहुण्याचं. नकार आला तर ऐकायची तयारी नसेल तर देवाला उगाच त्रास देऊ नका, सरळ हॉटेल टाका. त्यातही पाप नाही. (आणि दुखण्याखुपण्याचं असेल तर कौल-बिल नको, आधी डॉक्टर.) मनासारखं येईपर्यंत पुन्हा पुन्हा कौल लावणारेही मी पाहिलेत. गुरवही त्यांना ओळखून असतो.

देवच बोलला, की ओली कळी सुकून पडली, हे मला विचारू नका. मी मानतो, माझा धाकटा भाऊ मानत नाही, आणि डाव्या कौलानंतर त्यानेही विकायचं नाव काढलेलं नाही.

भरड तसंच आहे. बाळू तिथूनच ये-जा करतो. आम्ही डोंबिवलीत अजून भाड्यानेच राहतो, आणि दर ११ महिन्यांनी करार नवा करायची वेळ आली की बायको त्या कळीची आठवण काढते. त्यावर मला काही बोलता येत नाही.