चांदी घेण्याआधी ती ‘मुदत ठेव’ तपासा

मिरजेच्या एका वाचक भगिनी लिहितात: ‘मी घरीच चांदीची कर्णफुले घडवते, महिन्याला साधारण दहा जोड प्रदर्शनांतून आणि ओळखीतून विकले जातात. चांदीचा भाव वाढतच चालला आहे, म्हणून बँकेतली दोन लाखांची मुदत ठेव मोडून पाऊण किलो चांदी आणि पत्रा लाटायचे छोटे मशीन घ्यावे का? ठेवीचा एक लाखाचा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. दहा हप्ते भरले की विसाव्या वर्षी वीस लाखांची हमी आहे. जुन्या दराची चांदी हाताशी असल्याने सध्या नफा बरा सुटतो. यजमान खासगी नोकरीत, दोन मुले शाळेत.’

मुदत ठेवीला दरवर्षी हप्ता नसतो. बँकेच्या टेबलावर तुम्ही सही केलेला कागद आयुर्विम्याचा आहे आणि तो ठेव म्हणून तुमच्या गळ्यात मारला गेला आहे. असे प्रकार इतके सर्रास चालतात की पत्रातला ‘हप्ता’ हा शब्द वाचताच पुढचे सगळे लक्षात येते, आणि संताप येतो तो याचा की ज्या घरात विम्याची खरी गरज आहे, त्याच घराला हा माल विकला जातो.

‘दहाचे वीस’ ऐकायला मोठे वाटतात. पण वीस वर्षांच्या हिशेबात हा परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. हेच दहा हप्ते पीपीएफमध्ये गेले असते, तर सध्याच्या ७.१ टक्के दराने तेवढ्याच काळात सुमारे एकोणतीस लाख झाले असते.

त्यामुळे ‘ठेव मोडून दोन लाख’ हा तुमचा बेत मुळातच उभा राहत नाही. आता पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर हमीचे मूल्य भरलेल्या रकमेच्या तीस-पस्तीस टक्के, म्हणजे साठ-सत्तर हजार भरेल. विशेष सरेंडर मूल्य (कंपनी स्वतःच्या हिशेबाने देते ते) त्याहून बरे असू शकते. दुसरा मार्ग म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करणे, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच ती चालू ठेवणे. दहापैकी दोन हप्ते भरले आहेत, म्हणजे मुदतीअंती वीस लाखांचा पाचवा हिस्सा, ढोबळमानाने चार लाख. उरलेले आठ लाख भरून तुम्ही जादा सोळा लाख मिळवाल आणि त्यावर परतावा पाच टक्केही पडणार नाही. म्हणून तिसरा हप्ता भरू नका. सरेंडर आणि पेड-अप हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा आणि पेड-अप रक्कम खरोखर चार लाखांच्या आसपास असेल, तर तोच मार्ग घ्या.

त्याआधी दोन गोष्टी करा. ठेव सांगून विमा विकल्याची लेखी तक्रार कंपनीकडे करून पूर्ण परतावा मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते आणि तिथे शुल्क पडत नाही. दुसरे, यजमानांच्या नावे निव्वळ मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या. एक कोटीच्या संरक्षणाला निरोगी, निर्व्यसनी चाळिशीच्या माणसाला वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या आसपास खर्च येतो. आताच्या पॉलिसीत संरक्षण बहुधा दहा लाखांचेच असेल. हा विमा हातात आल्यावरच जुनी पॉलिसी थांबवा.

आता चांदी. महिन्याला तुम्हाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम लागते, म्हणजे पाऊण किलो हा पाच-सहा महिन्यांचा साठा झाला. एप्रिल २०११ च्या अखेरीस चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेली, आठवड्याभरात पाव भागाहून अधिक उतरली आणि तो भाव पुन्हा दिसायला चौदा वर्षे गेली. भाव चढतच राहील या भरवशावर धंद्याचा माल भरू नये. महिन्याभराची चांदी पुरे. मशीनही आताच नको. चांदीकामासाठी ओळखले जाणारे हुपरी तुमच्यापासून फार लांब नाही. आटणीपासून तार ओढण्यापर्यंतची कामे तिथे घरोघरी मजुरीवर चालतात. पत्रा आणि तार तिथून करून आणा, सांधे झाळणे आणि नक्षी घरी करा.

पण धंद्यातली खरी गळती तुमच्या दरात आहे. तुम्ही सोबत दिलेल्या हिशेबाप्रमाणे, घट धरून एका जोडाला तेरा ग्रॅम चांदी लागते आणि जोड २,४०० रुपयांना जातो. तुम्ही चांदी जुन्या ९० रुपये ग्रॅमने धरता, म्हणून बाराशे सुटल्यासारखे वाटतात. तुम्हीच कळवलेल्या १८० च्या नव्या दराने चांदीच २,३४० ची झाली. आठ तासांच्या कामाला साठ रुपये उरले, त्यातून गॅस, टाकणखार आणि डबी! साठा संपेल त्या दिवशी हा नफा नाहीसा होईल, कारण नवी चांदी चालू दरानेच घ्यावी लागेल. बिलावर त्या दिवसाचा चांदीचा दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहा. तासाला दीडशे धरले तरी घडणावळ बाराशे होते, म्हणजे जोड साडेतीन हजारांखाली देता येणार नाही. तेवढे देणारे गिऱ्हाईक कमी असेल, तर पाच-सहा ग्रॅमचे हलके नमुने करा. त्यांत चांदी कमी आणि हाताचे मोल जास्त असते. पुढच्या प्रदर्शनापूर्वी तयार मालावरच्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलून घ्या.