मोबाइलवर मोजून धुऱ्याचा वाद मिटत नाही

तुमचा प्रश्न असा: चुलतभावाने मोबाइलच्या ॲपवर वावर मोजलं आणि म्हणतो, ‘200 मीटरच्या धुऱ्यावर (बांधावर) तुम्ही माझे दोन गुंठे दाबले.’ मानायचं का?

अजिबात मानू नका. दोन गुंठे म्हणजे 202 चौरस मीटर. धुरा 200 मीटरचा, म्हणजे सगळं भांडण एक मीटर रुंद पट्टीचं. उघड्या आभाळाखाली साध्या फोनची चूकच 3 ते 5 मीटर असते. धुऱ्यावर लिंब-बाभळी असल्या तर आणखी वाढते, कारण उपग्रहाचा सिग्नल फांद्यांतून आणि आजूबाजूला आपटून उशिरा पोचतो. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर असतात आणि फोन सिग्नल यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. एक मायक्रोसेकंद चुकला की 300 मीटर गेले. वरच्या हवेच्या थरांतही सिग्नल रेंगाळतो.

ॲपवर क्षेत्रफळ मात्र बरंच जुळतं, आणि तिथंच माणूस फसतो. थोड्या वेळात, लागोपाठ चारी कोपरे घेतले तर हवेतली चूक सगळ्यांना जवळपास सारखीच लागते. आकृती जशीच्या तशी राहून बाजूला सरकते. एकर-गुंठे बरोबर, धुऱ्याची जागा चूक. पेरणी, फवारणी, ठिबकच्या नळ्यांचा हिशेब यासाठी एवढं पुरेसं आहे. कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, बॅटरी सेव्हर बंद ठेवा, झाड आणि पत्र्याच्या शेडपासून लांब उभे राहा.

सेंटिमीटरमध्ये मोजायचं तर आरटीके रोव्हर लागतो, म्हणजे दांड्यावर बसवलेलं, उपग्रहाचा सिग्नल घेणारं मोजणीचं यंत्र. जागा नेमकी माहीत असलेलं एक केंद्र त्या क्षणाची चूक काढतं आणि इंटरनेटवरून रोव्हरला कळवतं. सर्व्हे ऑफ इंडियाची कॉर्स केंद्रं हेच काम करतात. रोव्हरच्या पडद्यावर ‘फिक्स’, म्हणजे जागा पक्की झाली, असं असेल तरच बिंदू घ्यायचा. रेंज गेली की ‘फ्लोट’, म्हणजे अंदाजे, होतं, आणि ‘फ्लोट’वर घेतलेला बिंदू कित्येकदा वीतभर तरी चुकतो. दोन मीटरचा दांडा एक अंश कलला तरी टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं, म्हणून दांड्यावरच्या पातळीचा बुडबुडा मधोमध आहे का ते स्वतः बघा.

पण रोव्हर आणला की न्याय झाला, असं सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. आज आपण कुठं उभे आहोत एवढंच उपग्रह सांगतो. हद्द कुठं होती ते जुन्या नकाशात आणि टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांच्या नोंदीत, असतं. 1:5000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर भरते. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात माती फुगते, खुणेचे दगड कलतात. काही तर नांगराबरोबरच निघून जातात. म्हणून मोजणारा आधी टिपण आणि जुन्या खुणा शोधतोय का, ते पाहा. थेट दांडा रोवत असेल तर थांबवा.

भावाला एवढंच म्हणा, भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा, म्हणजे सरकारी मोजणीने हद्द ठरवून घेण्याचा, अर्ज करू, खर्च अर्धा-अर्धा. शेजारच्या खातेदारांना नोटीस गेलीय का ते विचारा, मोजणीच्या दिवशी दोघंही हजर राहा आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, घ्या. पटलं नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. वावरात पीक उभं असेल तर काढणीनंतरची तारीख मागा, तुरीच्या ओळींत खुणा सापडत नाहीत.