भिंतीवरच्या पट्ट्यांसाठी कर्ज काढावं का?

ताई, नमस्कार. पत्र आणि सोबतचं कोटेशन दोन्ही वाचलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो: परभणीत स्वतःचं नऊ वर्षांचं घर, नवरा-बायको दोघं कमावते, हातात महिन्याला ७२,०००. गृहकर्जाचा हप्ता १८,५००, म्युच्युअल फंडातली एसआयपी ५,०००, सगळा खर्च जाऊन ९,००० उरतात. राष्ट्रीयीकृत बँकेत २ लाखांची एफडी. मुलगी अकरावीत, नीटचे क्लास सुरू. आणि दसऱ्याच्या आत घर सजवायचं म्हणून ३,४०,००० चं कोटेशन: हॉलला पीओपी सीलिंग आणि कॉर्निस (भिंत-छताच्या सांध्यावरची नक्षीदार पट्टी) १,१०,०००, टीव्हीच्या भिंतीला लुव्हर्स (शेजारी-शेजारी लावलेल्या उभ्या पट्ट्या) ८५,०००, बाकीच्या भिंतींवर मोल्डिंगच्या (उठावदार पट्ट्यांच्या) चौकटी ६०,०००, दोन बेडरूमना कॉर्निस ४५,०००, दारांच्या चौकटीभोवती पट्ट्या ४०,०००. पर्सनल लोन घ्यावं, गृहकर्जावर टॉप-अप (चालू कर्जावरच वाढीव कर्ज) घ्यावं की एफडी मोडावी, हा प्रश्न.

तिन्ही नको.

घर सजवू नका असं मी म्हणत नाहीये. साध्या चौकोनी खोलीला छताच्या कडेने तीन-चार इंची कॉर्निस बसली तरी खोली पूर्ण झाल्यासारखी वाटते, हे मलाही पटतं. पण हा खर्च आहे, गुंतवणूक नव्हे. ‘घराची किंमत वाढेल’ हे कंत्राटदाराचं वाक्य सोडून द्या. परभणीत घर घेणारा माणूस रस्ता किती फुटी, नळाला पाणी किती दिवसांनी, बोअर टिकतं का, कागदपत्रं स्वच्छ आहेत का, एवढं बघतो. पीओपीच्या नक्षीचे वेगळे पैसे कुणी मोजत नाही. उलट आपल्या आवडीचं करायला आधीचं काढून टाकतो.

आता कर्जाचं. ३,४०,००० चं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी धरलं, तर हप्ता सुमारे ११,४५० आणि व्याज ७२,००० च्या आसपास. उरतात ९,०००, म्हणजे पहिल्याच महिन्यात एसआयपी बंद. टॉप-अप त्याहून फसवं. साडेनऊ टक्के आणि दहा वर्षं धरली तर हप्ता ४,४०० दिसतो, म्हणून झेपेल असं वाटतं. पण व्याज होतं जवळपास १,८८,०००. तेव्हा मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडलेली असेल आणि तुम्ही पिवळ्या पडलेल्या पट्ट्यांचे हप्ते भरत असाल. करसवलतीचाही मोठा आधार नाही. राहत्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जावरच्या व्याजाला जुन्या करपद्धतीत वर्षाला ३०,००० पर्यंत वजावट आहे, नव्या पद्धतीत काहीच नाही.

एफडीबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘सासऱ्यांचे पैसे मल्टीस्टेटमध्ये अडकले, त्यापेक्षा घरात गेलेला पैसा बरा.’ मराठवाड्यात हे आज घरोघरी ऐकू येतं आणि त्यामागचा राग खरा आहे. पण मल्टीस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नसतं; तुमच्या बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे व्याजासह ५ लाखांपर्यंत असतं. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नका. तुमच्यासारख्या, दुकानाचं उत्पन्न कमी-जास्त होणाऱ्या घरात ही एफडी म्हणजे तीन-चार महिन्यांचा श्वास आहे. तिला हात लावू नका.

पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ मात्र पैशांची नाही. टीव्हीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि ‘लुव्हर्स लावले की दिसणार नाही’ असं कंत्राटदार म्हणाला. दिसणार नाहीच. मागे बुरशी धरेल, आणि पट्ट्या किंवा त्यामागचा सांगाडा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) किंवा प्लायचा असेल तर तो फुगेल, वाळवीही लागेल. पीव्हीसीच्या पट्ट्या स्वतः टिकतील, भिंत आतून सडत राहील. ओल खालून चढत असेल तर जोत्याचा प्रश्न, वरून उतरत असेल तर गच्चीचा किंवा कठड्याच्या भेगांचा. दुसऱ्या मिस्त्रीने दुरुस्तीचे ३५,००० सांगितलेत ना, ते काम पहिलं. पावसाने उघडीप दिली की बाहेरून करून घ्या, उन्हाळाभर भिंत सुकू द्या, पुढचा पावसाळा कोरडा गेला की मगच त्या भिंतीचं बघू.

कॉर्निसचंही तसंच. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंत-छताच्या सांध्यात बारीक भेगा पडतात. कॉर्निस बसते नेमकी तिथे. हलत्या भेगेवर पीओपी लावलं तर भेग पीओपीतून वर येते. आधी भेगा भरून एक उन्हाळा पाहा.

बीबी का मकबऱ्यात कधी नीट पाहिलंय का? खालच्या पट्ट्यात संगमरवर, वर घुमटाच्या बुडापर्यंत साधा दगड आणि त्यावर गिलाव्यातली नक्षी. हात जिकडे पोचतो तिकडे आणि घुमटाला महाग माल, मधे स्वस्त. बादशाही घराण्यानेही हात आखडता घेतला होता, तर आपण का लाजायचं?

म्हणून माझा हिशेब असा. दुरुस्तीचे ३५,००० जातील चार महिन्यांच्या शिलकीतून. त्यानंतर सात महिन्यांत ६०,००० जमतात. त्यात हॉलच्या तीन कोरड्या भिंतींवर मोल्डिंगच्या चौकटी करा. बसल्यावर नजर तिथेच जाते, आणि भिंतीच्याच रंगात रंगवल्या तर दहा वर्षांनीही जुनाट दिसत नाहीत. सीलिंग रद्दच करा; दहा फुटी छत खाली आणून पंखा डोक्यावर घेण्यात, तेही आपल्या मे महिन्यात, मला काही अर्थ दिसत नाही. बेडरूम आणि दारं मुलीच्या प्रवेशाचा निकाल लागल्यावर. सरकारी जागा मिळते की खासगी, यावर तुमचं सगळं गणित फिरणार आहे.

कोटेशन ‘एकरकमी’ आहे, ते परत पाठवा. पट्टीचा दर रनिंग फुटाला (म्हणजे लांबीच्या फुटाला), सीलिंगचा चौरस फुटाला मागा. तुमचा हॉल १२ बाय १५, म्हणजे कॉर्निस ५४ रनिंग फूट; यापेक्षा जास्त माप लावलं तर कारण विचारा. पुट्टी, प्रायमर, रंग धरलाय का, ते लिहून घ्या. कोपऱ्यातले ४५ अंशांचे जोड नीट मिळालेत हे दिवसाउजेडी पाहिल्याशिवाय शेवटचे २० टक्के देऊ नका.